चेहऱ्यावरचे मुरुम आणि दुकानातली ट्यूब

मागच्या पावसाळ्यात चार दिवस वडवणीला बहिणीकडे राहिले होते. दुपारची वेळ, आभाळ भरून आलेले, आणि शेजारची एक मुलगी दळण ठेवायला आत आली. घरात आली तरी तोंडाला बांधलेला स्कार्फ काही सोडीना. बहीण म्हणाली, "अगं, इथं कोण परकं आहे? सोड की तो." मुलीने मान खाली घातली. मागून तिची आई आली आणि तिनेच सांगायला सुरुवात केली. "काय करावं माय, पोरीचं तोंड बघवत नाही. आधी दोन-चार फुटकुळ्या होत्या. मलम लावलं तर कसा चंद्रावाणी चेहरा झाला होता. आता मलम लावलं तरी आग, न लावलं तरी आग."

मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. आईबाप दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मुलगी आजीजवळ गावी राहते. अशा त्या पाच-सहा महिन्यांत तिने मेडिकलच्या दुकानातून एक छोटी ट्यूब आणली. कोणा मैत्रिणीने नाव सांगितले होते. दुकानदाराने कागद विचारला नाही, तिनेही काही विचारले नाही. आठ दिवसांत मुरुम बसले, चेहरा उजळला. मग ती ट्यूब संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. आईबाप परत आले तेव्हा गालांची कातडी लाल, पातळ, आतल्या बारीक शिरा दिसतील अशी झालेली. हनुवटीवर लव वाढलेली आणि पूर्वी दोन-चार होत्या तिथे पुटकुळ्यांचे झुबके.

मी ती ट्यूब मागवून घेतली आणि चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. त्यात स्टिरॉइड होते. वाचकहो, ही एका घरातली गोष्ट असती तर मी लिहायला बसले नसते. पण आज खेड्यापाड्यांत मुरुमांपेक्षा मुरुमांवरच्या अशा औषधांनी जास्त चेहरे बिघडत आहेत. म्हणून आज हा विषय तुमच्याशी सविस्तर बोलायचा आहे.

मुरुम म्हणजे नेमके काय?

आपल्या कातडीत बारीक बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रात एक केस आणि त्याला लागून तेलाची एक इवलीशी पिशवी असते. तोंड, छाती आणि पाठ या भागांत या पिशव्या मोठ्या आणि दाट असतात. मूल वयात येऊ लागले की शरीरातील काही रस वाढतात, मुलांमध्ये वाढतात तसेच मुलींमध्येही, आणि त्यांच्या जोराने या पिशव्या जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या कातडीचे कण साचून बूच बसते. आत तेल कोंडते. मोट भरली आणि नाडाच अडकला, तसे होते. कोंडलेल्या तेलात एका जातीचे जंतू वाढतात, आजूबाजूला सूज येते, आणि लाल पुटकुळी किंवा पू धरलेला फोड तयार होतो.

हे समजून घेतले की पुष्कळ गैरसमज आपोआप गळून पडतात. नाकावर जे काळे ठिपके दिसतात तो मळ नव्हे. छिद्राच्या तोंडाशी आलेले बूच हवेने आणि कातडीच्या रंगद्रव्याने काळे पडते. ते घासून निघत नाही. मुरुम 'रक्त बिघडल्याने' होत नाहीत, पोट साफ नसल्याने होत नाहीत, आणि मुलीच्या मनात वाईट विचार येतात म्हणून तर मुळीच होत नाहीत. हे शेवटचे लिहिताना मला संकोच वाटतो. पण अजून कित्येक घरांत आत्याबाई, मामी असे काही पुटपुटतात आणि कोवळ्या पोरी ते ऐकून रडतात, म्हणून लिहिले. हा एकाचा दुसऱ्याला लागणाराही रोग नाही. वय सरते तसे बहुतेकांचे मुरुम कमी होतात, मात्र काहींचे पंचविशी-तिशीपर्यंत राहतात. आईबापांपैकी कोणाला खूप झाले असतील तर मुलांनाही तसे होण्याचा संभव जास्त.

आता खाण्यापिण्याचे. 'उष्णतेने' मुरुम येतात म्हणून मुलीला शेंगदाणे नको, तीळ नको, वांगे नको, अंडे नको, असे करून तिचे पोषण तोडू नका. वाढत्या वयाच्या मुलीला या गोष्टींची गरज असते. अलीकडच्या अभ्यासांतून एवढेच दिसते की साखर, मैदा, गोड पेये यांसारखे रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि काही जणांच्या बाबतीत दूध, यांनी मुरुम थोडे वाढू शकतात. तेव्हा दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, त्यात बुडवलेली बिस्किटे आणि दुकानातल्या रंगीत बाटल्या कमी केल्या तर चांगलेच. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी यांनी कोणाला मुरुम येत नाहीत.

त्या ट्यूबमध्ये काय असते?

ज्या मलमाने आठ दिवसांत गुण येतो त्याच्याकडे आधी संशयाने पाहा. मुरुमांचे खरे औषध इतक्या घाईने काम करीत नाही.

बाजारात तीन-तीन औषधे एकत्र केलेली मलमे मिळतात. एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे, आणि तिसरे स्टिरॉइड. लोक ती गजकर्णावर, खाजेवर, मुरुमांवर, गोरे होण्यासाठी, दाढी केल्यावर, अशी कशासाठीही वापरतात. काही 'गोरे करणाऱ्या' मलमांत रंग उतरवणाऱ्या औषधाबरोबर स्टिरॉइड घातलेले असते. स्टिरॉइड हे औषध वाईट नाही. इसबासारख्या रोगांत डॉक्टर ते मोजून, थोडे दिवस देतात आणि त्याचा मोठा उपयोग होतो. पण चेहऱ्याची कातडी नाजूक. तिच्यावर ते महिनोन्महिने चोळले की सूज दबल्यामुळे आधी गुण आल्यासारखे वाटते, मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, नवे मुरुम येतात. आणि बंद केले की चेहरा भाजल्यासारखा लाल होऊन आग होते. ती आग सहन होत नाही म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. बिडीकाडीच्या व्यसनासारखा हा फेरा आहे. चेहऱ्याला त्या मलमाची सवय लागते.

देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची तपासणी करून 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले 433 जण, म्हणजे सातातला एक, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी दिलेलेच नव्हते. कोणाला मैत्रिणीने, कोणाला नातलगाने, कोणाला दुकानदाराने सुचवले होते. आणि त्यातून झालेला सर्वांत जास्त आढळणारा अपाय कोणता, तर मुरुम! ज्यासाठी लावले तेच पदरात पडले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातले. कायदा कागदावर आहे. दुकानाच्या फळीवर तो किती उतरला हे तुम्हीच पाहता.

तेव्हा ट्यूब हातात आली की तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. स्वतःला इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ते स्टिरॉइड आहे असे समजा. डॉक्टरांनी तपासून, किती दिवस लावायचे ते सांगून दिलेले नसेल तर चेहऱ्याला लावू नका. ज्यांनी आधीच दोन-तीन महिने लावले आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना भेटून मग सोडावे. एकदम सोडल्यावर जी आग उठते तिच्यावर डॉक्टरांकडे उपाय आहेत. सोसून काढायची गरज नाही.

याहून भयंकर गोष्ट बिननावाच्या डब्यांची. ज्यांच्यावर कारखान्याचे नाव नाही, परवान्याचा क्रमांक नाही, आत काय घातले ते लिहिलेले नाही, अशी 'गोरे करणारी' मलमे ब्यूटी पार्लरमधून, फिरत्या विक्रेत्यांकडून आणि आता मोबाइलवरूनही घरी येतात. अकोल्यातील एका घरातली आई आणि दोन मुली असेच एक मलम वापरत होत्या. 2022 च्या सुमारास तिघींचीही मूत्रपिंडे एका पाठोपाठ एक बिघडली. एकाच घरात तिघींना एकच दुखणे कसे, असा डॉक्टरांना प्रश्न पडला. शोध घेता घेता मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्या मलमाची तपासणी झाली आणि त्यात पारा निघाला. पारा कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो. चेहरा उजळ करण्याच्या नादात ज्या गोष्टीचा चेहऱ्याशी संबंध नाही असे वाटते, तेच इंद्रिय निकामी व्हायची पाळी येते. 2023 साली ही हकिकत वर्तमानपत्रांत आली होती.

एक गोष्ट स्पष्टच लिहिते. या ट्यूबा आणि डबे बहुतेक वेळा मुलगी हौसेने आणत नाही. पाहुणे बघायला येणार असतात, कोणीतरी "रंग जरा उजळायला पाहिजे" म्हणालेले असते. सावळा रंग हा रोग नाही आणि त्यावर औषध नाही. ज्यांना मुलीचा रंग खटकतो त्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावावे, असे माझे मत आहे. तुम्हाला पटो न पटो.

घरचे उपाय

चेहरा दिवसातून दोनदा, सकाळी आणि कामावरून आल्यावर, साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा. आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था असते ते सांगायला नको, पण चेहऱ्याला एक तांब्या पाणी पुरते. दोनपेक्षा जास्त वेळा साबण लावू नका. कातडी कोरडी पडली की मुरुम कमी होत नाहीत, उलट चुरचुरतात. कपडे धुण्याचा साबण, वज्री, नारळाची शेंडी, खरखरीत टॉवेल यांनी चेहरा घासू नये. तो टिपून घ्यावा. मधल्या वेळात घाम आला तर नुसत्या पाण्याने धुतले तरी चालते.

केसांना चपचपीत तेल लावून तसेच झोपायची सवय असेल तर ते तेल कपाळावर उतरते आणि केसांच्या रेषेशी बारीक पुटकुळ्या उठतात. तेल लावायचे असेल तर न्हाण्याआधी लावा, कपाळ पुसून घ्या, आणि उशीची खोळ आठवड्याला धुवा. चेहऱ्याला खोबरेल तेल चोळू नका. उसाच्या फडात किंवा कापूस वेचताना तोंडाला बांधलेले फडके धूळ आणि पाचटापासून वाचवते, ते जरूर बांधा. पण तेच घामट फडके चार-चार दिवस बांधले तर त्याच्या घासण्याने मुरुम वाढतात. दोन फडकी ठेवावीत, एक बांधावे, एक धुवावे. फवारणीहून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चेहऱ्याला हात लावू नये, हे तर मुरुम असोत नसोत पाळायचे.

हळद, मुलतानी माती, बेसन, कोरफड यांविषयी बाया हमखास विचारतात. कधीमधी लावून धुतले तर सहसा बिघडत नाही, पण त्याने छिद्रातले बूच निघत नाही. लावून आग झाली की लगेच धुवावे. मात्र काही उपायांना मी हात जोडून नको म्हणते. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर काळे चट्टे पडतात, कधी फोड येतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, ठेचलेला लसूण आणि पानाचा चुना यांनी कातडी भाजते. आणि बिब्बा! पायाच्या भेगांना, काट्याला बिब्ब्याचा चटका देणारी माणसे अजून आपल्याकडे आहेत. चेहऱ्याच्या फोडाला कोणी बिब्बा लावला आणि तो उतला, तर डोळे मिटण्याइतकी सूज येते, पाणी गळते आणि काळा व्रण मागे राहतो. मुरुमाचा डाग काही महिन्यांत विरतो, बिब्ब्याचा व्रण वर्षानुवर्षे टिकू शकतो.

आणि फोडू नका. हे सांगणे सोपे, पाळणे अवघड, हे मला ठाऊक आहे. आरसा समोर आला की बोटे आपोआप जातात. पण नखाने दाबले की निम्मा पू बाहेर येतो आणि निम्मा कातडीच्या आत फुटतो, आणि तिथेच पुढे खड्डा पडतो. विशेषतः नाक आणि वरचा ओठ यांच्या आसपासचा फोड कधीच दाबू नये. तिथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्यांच्या मागील आणि मेंदूजवळील वाहिन्यांशी संबंध असतो. असा फोड सुजून ताप आला, डोळा सुजला, डोके दुखू लागले, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. असे क्वचित होते, पण झाले तर जिवावर बेतते.

डॉक्टर काय देतात?

हे मी एवढ्यासाठी लिहिते, की औषध मिळाल्यावर ते पंधरा दिवसांत टाकून देऊ नये. तुम्ही स्वतःच दुकानात जाऊन ते घ्यावे म्हणून लिहीत नाही.

मुरुम थोडे असतील तर बहुधा लावायची औषधे देतात. एक बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारते आणि छिद्र मोकळे करायला मदत करते. सुरुवातीला एक दिवसाआड, पातळ थर लावायचा. थोडे चुरचुरते, कातडी सोलते. कपड्याचा रंग मात्र ते उडवते, म्हणून नवी ओढणी किंवा रंगीत उशी जपा. जुना पांढरा कपडा अंथरून झोपावे. दुसरे अडापलीन. ते रात्री लावायचे असते, वाटाण्याएवढे औषध पूर्ण चेहऱ्याला पुरते. फक्त फोडावर ठिपका देऊन चालत नाही, कारण ते उद्याचे मुरुम थांबवण्यासाठी आहे. सकाळी चेहरा धुवावा आणि उन्हात काम असेल तर पदर, टोपी, जे असेल त्याने तोंडावर सावली ठेवावी. पहिले दोन-तीन आठवडे मुरुम वाढल्यासारखे वाटतात. इथेच शंभरातले पन्नास जण औषध फेकतात आणि पुन्हा त्या 'चंद्रासारखा चेहरा करणाऱ्या' ट्यूबकडे वळतात. (हा आकडा कुठे छापलेला नाही, माझा आपला अंदाज.) खरा फरक सहा ते आठ आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता गुण यायला तीन महिने लागतात. तूर पेरून महिन्याभरात शेंगा कोणी मागत नाही, तसेच हे.

जंतूंवरचे क्लिंडामायसिनसारखे मलम एकटे महिनोन्महिने लावू नये, जंतू त्याला सरावतात. म्हणून डॉक्टर ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात. मुरुम मोठे, दुखणारे, पाठीवर-छातीवर पसरलेले असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही महिने दिल्या जातात. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाही तर अन्ननलिकेत ती अडकून जखम होते. या गोळीने ऊन जास्त बाधते. दिवसभर रानात काम असेल तर डॉक्टरांना "मी उन्हात काम करते" असे आधी सांगा. न विचारता सांगा.

अगदी हट्टी, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांवर आयसोट्रेटिनोइन नावाची गोळी आहे. फार गुणकारी, पण त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रक्त तपासून घ्यायची. तिच्याविषयी एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. ही गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळामध्ये गंभीर व्यंगे येतात. म्हणून लग्न झालेल्या किंवा लग्न ठरलेल्या मुलीने हे डॉक्टरांपासून लपवू नये. गोळी सुरू करण्याआधी, चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भ राहता कामा नये. कोणाची उरलेली पाने कोणी खाऊ नयेत. गरोदर बाईने अडापलीन आणि डॉक्सिसायक्लिनही टाळावे. तिच्यासाठी अझेलिक अॅसिडसारखी दुसरी औषधे आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

काही वेळा मुरुम हे दुसऱ्या गोष्टीची खूण असतात. मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात, वजन वाढते आणि जोडीला मुरुम आहेत, असे असेल तर अंडाशयाच्या तक्रारीची तपासणी करून घ्यावी. आणि मुलांचे बापहो, तुमच्यासाठी. पोलीस किंवा सैन्याच्या भरतीची तयारी करणारी पोरे 'बॉडी' लवकर व्हावी म्हणून कुठली कुठली पावडर आणि इंजेक्शने घेतात. पाठभर, खांद्यांवर एकाएकी मोठाले मुरुम उठले तर पोराला बाजूला घेऊन प्रेमाने विचारा. त्या इंजेक्शनांचा परिणाम नुसत्या कातडीवर थांबत नाही. क्षयाच्या किंवा फिटच्या काही औषधांनीही मुरुमांसारखे पुरळ येते. अशा वेळी ती औषधे आपल्या मनाने बंद करायची नाहीत. क्षयाचे औषध मुरुमांसाठी सोडणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे.

प्रत्येक पुरळ मुरुमच असते असेही नाही. पावसाळ्यात बांधावर गाजरगवत माजते, पुण्याच्या बाजूला 1950 च्या दशकात दिसलेले हे परके तण आता आपल्या बांधाबांधावर आहे. त्याने पापण्या, मान, कोपराच्या घड्या लाल होऊन खूप खाजतात. मुरुम दुखतात, सहसा खाजत नाहीत. कडा उचललेला गोल, खाजरा चट्टा गजकर्णाचा असतो. आणि बधिर चट्टा असेल किंवा कानाची पाळी जाड होऊन चेहऱ्यावर गाठी येत असतील, तर न लपवता सरकारी दवाखान्यात दाखवावे. तिथे तपासणी आणि औषध फुकट आहे.

दाखवायचे कुठे? आधी आपल्या आशाताईंना विचारा. पौगंडावस्थेतील मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. मुलीला आईसमोर बोलायला लाज वाटत असेल तर तिथे तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. मोबाइल असेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून घरबसल्या फुकट सल्ला मिळतो. त्वचारोगतज्ज्ञ हवा असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, नाही तर धारूरचा घाट चढून अंबाजोगाईला जावे. तिथले स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय मुळात आपल्यासारख्या ग्रामीण भागासाठीच 1970 च्या दशकात काढलेले आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, डबे, रिकामी पाकिटेसुद्धा पिशवीत घालून न्यावीत. "पांढरं मलम होतं, पिवळं झाकण होतं" एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

त्या मुलीला तिची आई अंबाजोगाईलाच घेऊन गेली. मी म्हटले म्हणून तिने त्या तीन ट्यूबांची खोकी शोधून नेली, एक तर चुलीजवळच्या कागदांत सापडले. डॉक्टरांनी खोके वाचले आणि मुलीला रागावले नाहीत, हे मला विशेष वाटले. गोळ्या दिल्या, साधे मऊ ठेवणारे मलम दिले आणि दीड महिन्याने बोलावले. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. चेहरा लालबुंद, आग आग. रात्री आई ओले फडके ठेवून उशाशी बसायची. मुलगी म्हणायची, "आई, एकदाच लावू दे ती जुनी ट्यूब." आईने ऐकले नाही.

दिवाळीत आईबापांना टोळीबरोबर निघायचे होते. त्याआधी आईने आजीला बसवून सगळे समजावले, कोणती गोळी कधी, पुन्हा कधी दाखवायचे. आजीला वाचता येत नाही म्हणून पत्र्याच्या डब्यावर कोळशाने रेघा ओढून ठेवल्या, एका गोळीला एक रेघ. परवा बहिणीचा फोन आला होता. मुलीच्या गालावरची लाली पुष्कळ उतरली आहे, लव मात्र अजून आहे, ती हळूहळू जाईल असे डॉक्टर म्हणाले. उजव्या गालावर दोन खड्डे आहेत, ते बहुतेक राहतील. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला ती स्कार्फ सोडून गेली होती.